चोख वजनाचे धोंडे

मी एक जुना भुईकाटा आहे. मित्रांनो, नाव ऐकून पाय उचलू नका, मी पायात रुतणारा काटा नव्हे. बंदराच्या फाटकाशी जमिनीत एक लांबरुंद लोखंडी पाट बसवलेला असतो. मालाने भरलेला ट्रक त्यावर येऊन थांबतो आणि शेजारच्या खोलीत त्याचं वजन उमटतं. तो पाट म्हणजे मी. माझ्याकडे कुणी निरखून पाहत नाही. जो येतो तो माझ्या छातीवर चाकं घालतो, वजन विचारतो आणि चालू पडतो. वर्षानुवर्षं हे सोसून माझा स्वभाव तिरसट झाला आहे. तेव्हा माझी कहाणी ऐकताना एखादा शब्द टोचला, तर वाईट वाटून घेऊ नका.

खरं तर तिरसटपणा माझ्या जन्मातच आहे. ज्या कारखान्यात मला ओतलं, तिथला मिस्त्री भयंकर चिडका होता. माझी एकेक तुळई तो ठोकून ठोकून पाही आणि आवाज मनाजोगा आला नाही की ती पुन्हा भट्टीत टाकायला लावी. मी पुरा झालो तेव्हा तो स्वतः माझ्यावर चढून उभा राहिला आणि सोबत्यांना म्हणाला, "याच्या अंगावर हत्ती आला काय आणि सायकल आली काय, हा आपला खरं तेच बोलणार." एवढं कौतुक मला पुढे जन्मात कुणी केलं नाही.

मग मला बंदरावर आणून फाटकाजवळच्या खड्ड्यात बसवलं. तिथे मला मामा भेटला. तो माझा काटेवाला. कुणाचा सख्खा मामा होता कोण जाणे, पण चालक, हमाल, अधिकारी, सगळ्यांचा तो मामाच. माझ्या कडेच्या फटीत खडा अडकला तरी माझं बोलणं चुकतं, म्हणून मामा दर सोमवारी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खड्ड्यात उतरे, चिखल काढी, वंगण घाली आणि माझ्याशी बडबडे. "आपल्या मापात पाप नाही बाबा," हे त्याचं पालुपद होतं. वर्षातून एकदा वजनमापं खात्याचा निरीक्षक येई. पारखलेली लोखंडी वजनं माझ्यावर चढवी, उतरवी, आणि मी खरा ठरलो की शिक्का मारून जाई. त्या दिवशी मामा सगळ्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजी.

माझ्याकडे येणारे व्यापारी म्हणजे एकाहून एक नग. धान्यवाले, भंगारवाले, लाकूडवाले. त्यांचं वजन पहिल्या फटक्यात त्यांच्या अंदाजाशी जुळलंय असं मला आठवत नाही. कधी टायरला मण मण चिखल, कधी टाकीत जास्तीचं तेल, कधी पोती ओली. मग ते मला शिव्या घालायचे, मामाशी हुज्जत घालायचे, आणि शेवटी मी सांगितलेला आकडा कागदावर लिहून निमूट आत जायचे. आधी माल, मग वजन, मग कागद, हा जगाचा रिवाज. शिव्यांचं मला काही वाटत नसे. शिव्या देणारा माणूस निदान माझं ऐकत तरी होता.

पुढे बंदराचा व्यवस्थापक बदलला. नव्या साहेबांना देखाव्याची हौस. त्यांनी फाटकावर काचेची कमान उभारली, कमानीसमोर कारंजं बसवलं, कारंज्याला रंगीत दिवे लावले. माझ्या वार्षिक शिक्क्याची फी भरायची वेळ आली, तेव्हा मात्र तिजोरीत खडखडाट. मामा वर जाऊन विनवून आला. साहेब म्हणाले, पुढच्या खेपेला बघू. मामा पुन्हा गेला. साहेबांनी विचारलं, काटा चालतोय ना? मग झालं तर. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवलं. मामा त्या दिवशी सोमवार नसतानाही खड्ड्यात उतरला आणि चिखल काढत राहिला. कारंजं चालू होतं आणि त्याचं पाणी झिरपून माझ्याच खड्ड्यात येत होतं.

अशा दिवसांत ती कंपनी आमच्याकडे आली. फाटकासमोर रस्त्यापलीकडे तिने गोदाम घेतलं. परदेशी जाणारे पितळी पंप, अशी पाटी लावली. मालक पांढऱ्या गाडीतून यायचा, पांढरे कपडे घालायचा आणि हमालालासुद्धा वाकून नमस्कार करायचा. त्याचा मिशीवाला चालक जहाजावर चढायचा मोठा लोखंडी पेटारा लादलेला ट्रक माझ्यावर आणी, चिठ्ठीवरचं वजन पाही, मान हलवी आणि ट्रक वळवून गोदामात परत नेई. थोड्या वेळाने पुन्हा येई. पुन्हा वजन, पुन्हा माघार. तिसऱ्या चौथ्या फेरीला आकडा त्याच्या कागदावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला, की मग पेटाऱ्याला सील लागे आणि ट्रक आत जाई. मामाने एकदा विचारलं, तेव्हा चालक म्हणाला की बांधणीचं लाकूड कमीजास्त होतं, आणि मालकाला दहा किलोचाही फरक खपत नाही.

झालं, मामा लट्टू झाला. येईल त्या धान्यवाल्याला तो ऐकवू लागला की बघा, याला म्हणतात व्यवहार, शिका काहीतरी. बंदरावर सगळे त्या मालकाला चोखशेठ म्हणू लागले. व्यवस्थापक साहेबांनी तर समारंभ करून त्याला उत्तम निर्यातदाराची ढाल दिली. कारंज्याशेजारीच दिली. मला टाळ्या ऐकू येत होत्या आणि माझा जीव तळमळत होता. कारण मित्रांनो, भार कसा बसतो ते मला कळतं. यंत्राचा भार एका ठिकाणी जड, एका ठिकाणी हलका असा बसतो. या पेटाऱ्यांचा भार सगळीकडे सारखा, मेलेला. पण मला विचारतात फक्त किती. काय, हे मला कुणी विचारत नाही. मला जीभ आहे ती एका आकड्याची. माझा आकडा खराच होता, आणि त्या खऱ्या आकड्याच्या आडोशाला खोटं सुखाने नांदत होतं.

मग एक दिवस मॅडम आल्या. मोठमोठ्या लोकांच्या पैशांच्या लबाड्या शोधणारं एक सरकारी खातं असतं, तिथल्या त्या अधिकारी. खांद्याला जड पिशवी, डोक्यावर टोपी आणि कपाळावर कायमची आठी. एका बँकेचा बुडालेला पैसा शोधत त्या तीन देशांच्या कागदांतून फिरून आल्या होत्या. पैसा या बँकेतून त्या कंपनीत, तिथून कुठल्याशा बेटावरच्या दुसऱ्या कंपनीत, आणि त्या कंपनीचं कार्यालय म्हणजे एक कुलूप लावलेलं दार. मामाला त्या म्हणाल्या की कागद कुठूनही निघू शकतात, माल मात्र कुठल्या तरी फाटकातूनच निघतो, म्हणून मी फाटकाशी येऊन बसले आहे.

त्या माझ्या खोलीत मामाच्या बाकावर बसून राहिल्या. मामाने त्यांना चोखशेठचं गुणगान ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुपारी मिशीवाल्याचा ट्रक आला, गेला, परत आला.

"मामा, ही गाडी परत का आली?"

"वजन जुळवायला, मॅडम. फार चोख माणसं. कागदावर आहे तेवढंच वजन भरलं पाहिजे त्यांना."

मॅडमनी खिडकीतून ट्रककडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आधी तोलायचे, मग बिल लिहायचे. आधी बिल लिहून मग त्याबरहुकूम माल तोलणारा दुकानदार मी आजवर पाहिला नाही."

मामाच्या हातातला कप तसाच राहिला. मित्रांनो, मला तर उडीच मारावीशी वाटली, पण मी जमिनीत पुरलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी किती सोडून काय असं विचारत होतं.

आता हा खेळ काय होता, ते तुम्हाला सोपं करून सांगतो. पंप कधी नव्हतेच. चोखशेठ कागदावर महागडे पंप लिहायचा आणि पेटाऱ्यात तेवढ्याच वजनाचे सिमेंटचे ठोकळे भरायचा. परदेशातला खरेदीदार म्हणजे त्याचीच दुसरी कंपनी. दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे. पंप निघाले या कागदावर सरकार त्याला बक्षिसी द्यायचं आणि बँक कर्ज द्यायची. ती रक्कम बेटावर पोचली की गडप. हा सगळा बेत कागदावर जगणाऱ्या माणसांनी आखला होता, आणि कागदवाल्यांना एकच भीती, आकडे जुळले नाहीत तर? म्हणून त्यांनी ते नको इतके जुळवले. माल हाताळणारा माणूस ही चूक कधीच करणार नाही, कारण त्याला ठाऊक असतं की खऱ्या मालाचे आकडे पहिल्या खेपेला जुळत नसतात.

मॅडमना वाटलं, आता काय, गेलेल्या पेटाऱ्यांतला एखादा समुद्रापलीकडच्या बंदरात उघडला की काम फत्ते. त्यांनी तसं पत्र पाठवलं. उत्तर आलं की अर्ज आमच्या नमुन्यात करा. केला. आमच्या भाषेत करा. केला. तुमच्या मंत्रालयामार्फत पाठवा. मंत्रालयातला माणूस रजेवर. बेटावाल्यांनी कळवलं की मालक कोण हे सांगणं आमच्या कायद्यात बसत नाही. मॅडम माझ्या खोलीत येऊन हे सांगायच्या आणि पिशवी बाकावर आपटायच्या. त्यांच्या साहेबांना नुसते कागदी घोडे नाचवण्यात धन्यता वाटत होती. पैसा चुटकीसरशी चार देश ओलांडतो आणि त्याला शोधणाऱ्याला प्रत्येक वेशीवर नवं पत्र लागतं, हा कुठला न्याय? त्या मामाला विचारायच्या. मामा चहा मागवायचा.

अखेर मोठ्या मिनतवारीने त्यांना इथलाच एक पेटारा उघडायची परवानगी मिळाली. एकच. मिशीवाल्याचा ट्रक तिसऱ्या फेरीला माझ्यावर उभा होता. मॅडमनी तिथेच दार उघडायला लावलं. हमालांनी प्लास्टिक फाडलं. आत सिमेंटचे ठोकळे, आणि वजनाला वजन जुळवायला फटींत कोंबलेले धोंडे. एक हमाल खो खो हसला. मामा हसला नाही. ज्यांचं तोंड भरून कौतुक केलं, त्यांचे धोंडे तो एकेक करून पाहत राहिला.

तुम्हाला वाटेल, संपली कहाणी. अहो, पांढरी गाडी भरधाव आली, चोखशेठ उतरला, धोंडे पाहिले आणि कपाळ बडवून रडायला लागला. माझे पंप चोरीला गेले, गोदामातून कुणीतरी माल बदलला, मी लुटलो गेलो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी स्वतः ऐकल्या. संध्याकाळपर्यंत त्याने चोरीची तक्रारही नोंदवली.

आता एका पेटाऱ्यावर काही सिद्ध होणार नव्हतं. आधीच्या सगळ्या पेटाऱ्यांत हेच होतं, हे दाखवायला एकच साक्षीदार उरला होता. मी. प्रत्येक ट्रक माझ्यावर किती वेळा आला, दर फेरीला वजन कसं सरकत कागदाशी येऊन मिळालं, हे सगळं खोलीतल्या यंत्रात जमा होतं. मॅडमनी ते न्यायालयात मांडलं. मामाची साक्ष झाली. मग चोखशेठच्या वकिलाने मामाला फक्त एक प्रश्न केला. काट्यावर शेवटचा शिक्का कधी बसला?

मामाने खरं सांगितलं. दुसरं काही सांगणं त्याला जमलंच नसतं. शिक्क्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मामाने तीनदा विनंती केली होती, पण तोंडी. व्यवस्थापक साहेब म्हणाले, आपल्याला असं काही आठवत नाही. मग वकिलाचं आयतंच फावलं. बिनशिक्क्याचा काटा म्हणजे लोखंडाचा तुकडा, आणि असा काटा चालवणारा माणूस काय लायकीचा असेल ते न्यायालयाने ठरवावं.

माझी साक्ष बाद झाली. मी खरा होतो, मित्रांनो. शेवटच्या दहा किलोपर्यंत खरा होतो. पण मी खरा आहे हे सांगणारा शिक्का वेळेवर मारला नव्हता, म्हणून माझं सगळं खरं पाण्यात गेलं. चोखशेठला निष्काळजीपणाबद्दल किरकोळ दंड झाला. तो त्याने हसत भरला आणि परदेशी निघून गेला. निकालात एक ओळ मामाबद्दल होती, काटेवाल्याची सचोटी संशयास्पद. त्या ओळीवर बोट ठेवून व्यवस्थापक साहेबांनी मामाला कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि या सगळ्यानंतर काही महिन्यांनी पलीकडच्या बंदराचं उत्तर आलं की हो, तुम्ही सांगितलेला पेटारा आम्ही उघडला, आत सिमेंट आहे, त्याचं काय करायचं ते कळवावं. वरातीमागून घोडं! मॅडमनी ते पत्र फाटकाबाहेर उभ्या मामाला वाचून दाखवलं, तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. रागाने रडल्या.

"मामा, मी वरच्या न्यायालयात जाईन. पण या पेटाऱ्यालाही तो चोरीच म्हणेल, आणि हातात आणखी काही नवीन नसेल तर ते दारात उभं करणार नाहीत."

"मॅडम, तो माणूस तुरुंगात जाईल न जाईल. माझ्यावरची ती ओळ तेवढी खोडता येईल का?"

मॅडमनी पत्राची घडी करून ते पिशवीत ठेवलं. मामा खाली बघत सांगू लागला, "आमची ही भाजी नेहमी स्वतः तोलून घ्यायची. आता भाजीवाली तिला म्हणाली, ताई, तराजू तुमच्या हातात नको, मीच तोलते. घरी येऊन ही काही बोलली नाही. मला शेजारणीकडून कळलं."

नोकरी गेल्यावर माणूस घरी बसतो. मामा वजनमापं खात्याच्या दारात जाऊन बसला. फी त्याने स्वतःच्या खिशातून भरली. तिथल्या लोकांनी वेड्यात काढलं तरी उठला नाही. शेवटी निरीक्षक वजनं घेऊन आला. त्याआधी मामा खड्ड्यात उतरला, कारंज्याचं साचलेलं पाणी उपसलं, फटी साफ केल्या. नव्या व्यवस्थापकीय नियमाप्रमाणे त्याला फाटकाच्या आत पाऊल टाकायला बंदी होती, पण पहारेकऱ्याने त्याला पाहिलंच नाही, असं पहारेकरी अजून सांगतो. वजनं चढली, उतरली. मी खरा निघालो.

मामाने निरीक्षकाला विनवलं की साहेब, हा गेल्या वर्षीही खराच होता, एवढं लिहून द्या.

"मामा, शिक्का आजपासून पुढं चालतो," निरीक्षक म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "मागं चालत नाही."

आता माझ्या खोलीत ठेकेदाराचा माणूस बसतो. खड्ड्यात उतरणं त्याच्या करारात नाही. मामा समोरच मेहुण्याच्या टायरच्या दुकानात पंक्चर काढतो आणि मान वर करून अधूनमधून माझ्याकडे बघतो. मॅडमची बदली निवृत्तिवेतन विभागात झाली.

आणि परवा एक ट्रक माझ्यावर आला. गाडी नवी, दारावर कंपनीचं नाव नवं, कागदावर पंपांऐवजी झडपा. चालकाने मिशी काढली होती. पण भार तोच. सगळीकडे सारखा, मेलेला. चिठ्ठी पाहून त्याने मान हलवली आणि ट्रक वळवला. थोड्या वेळाने परत आला. पुन्हा वळवला. ठेकेदाराचा माणूस शेजारच्याला म्हणाला की काय चोख लोक आहेत, नाहीतर आपले धान्यवाले. मला ओरडायचं होतं. मी आकडा दाखवला. मला तेवढंच येतं.

तिसऱ्या फेरीला रस्त्यापलीकडे मामा उठून उभा राहिला. हातातला पाना त्याने खाली ठेवला, हात पुसले आणि फोन काढला. बोलत बोलत तो फाटकापर्यंत आला, म्हणून त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"मॅडम, तेच आलेत... हो, आधी कागद, मग वजन... निवृत्तिवेतन विभागात असलात म्हणून काय झालं, गुन्हा तिथूनही कळवता येतो की... शिक्का? आहे. मी स्वतः मारून घेतलाय. अजून आठ महिने चालेल."

पलीकडून मॅडम काहीतरी बराच वेळ बोलत होत्या. मामा हं हं करत होता. मग त्याने फोन खिशात टाकला आणि फाटकाच्या बाहेरूनच माझ्याकडे पाहिलं. माझ्या डाव्या फटीत एक खडा अडकलाय, तो त्याला तिथून दिसला असावा, कारण त्याच्या कपाळावर आठी पडली. आत यायला त्याला बंदी आहे.

मित्रांनो, तुम्ही त्या वाटेने जाणार असाल तर एवढं करा. तो खडा काढा. पहारेकरी तुम्हाला बघणार नाही. खोटं बोलणाऱ्यांकडे वकील आहेत, बेटं आहेत, पांढऱ्या गाड्या आहेत. माझ्याकडे फक्त आठ महिने आहेत, आणि तेवढे दिवस मला खरं राहायचं आहे.